आर३२ जीटी-आर : एवढं आहे तरी काय त्या गाडीत?

माणदेशी

मंडळी, सरळ प्रश्न विचारतो, हसू नका. ज्यांच्याकडे जपानहून आणलेली जुनी स्पोर्ट्स कार आहे त्यांनी सांगावं, तिच्यात असतं तरी काय?

मी न्यू जर्सीत असतो. दारात एक सीआर-व्ही आणि एक टेस्ला मॉडेल ३. ऑफिसातल्या एकाने १९९१ची निसान स्कायलाइन जीटी-आर घेतली, आर३२ म्हणतात ती. त्याने मला एक चक्कर मारून आणली आणि तेव्हापासून गाडी डोक्यातून जात नाही. जेवणं उरकली की मी फोनवर लिलावाचे फोटो बघत बसतो. बायको म्हणते, "एवढी जुनी गाडी, एअरबॅग नाही, वॉरंटी नाही, स्टिअरिंग उलट्या बाजूला, आणि किंमत नव्या बीएमडब्ल्यूची. यातून तुला मिळणार काय?" मला उत्तरच सुचेना. कागदावर बघितलं तर २८० हॉर्सपॉवर. आमची टेस्ला सिग्नलला तिला सहज मागे टाकेल, तेही एसी लावून, पोरांची गाणी ऐकत.

मी मेकॅनिक नाही. दहिवडीला काकांच्या मारुती ८०० वर हात बसला. नंतर पुण्यात होंडा सिटी व्हीटेक होती, तिच्यावर मात्र जीव होता. इकडे येताना विकली.

तर हे पोरवयातल्या व्हिडिओ गेमचं भूत आहे की गाडीत खरोखर काही आहे? घ्यायचीच तर जीटी-आरच घ्यावी की साधी स्कायलाइनही चालेल? आणि उजवीकडे बसून इथल्या रस्त्यावर चालवणं जमतं का?

टोलनाका

सिव्हिक टाइप आर घ्या. ३१५ हॉर्सपॉवर, एअरबॅग आहेत, वॉरंटी आहे, वहिनी खूश. ज्यांना जुन्या गाड्यांची हौस आहे त्यांच्याबद्दल आदर आहे, पण मला सोमवारी सकाळी चावी फिरवली की गाडी सुरू झालेली आवडते.

उद्यमनगरी

टोलनाका, तुझी सिव्हिक तुला लखलाभ. माणदेशी भावा, तुला जरा लांबड लावून सांगतो. चहा घेऊन बस.

मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात आमच्या वडिलांचं क्रँक ग्राइंडिंगचं वर्कशॉप. शाळा सुटली की मी तिथंच, कूलंटच्या वासात. आता पेनसिल्व्हेनियात आहे आणि माझ्याकडे १९९० ची आर३२ जीटी-आर आहे. वडील इकडं आले तेव्हा त्यांना गॅरेजमध्ये नेऊन बॉनेट उघडून दाखवलं. दुसरा कोणी असता तर किती पळते, कितीला पडली, असं विचारलं असतं. आमच्या पप्पांनी पहिला प्रश्न काय विचारला? "बोअर-स्ट्रोक किती?" म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि त्यात पिस्टनची चाल, मिलिमीटरमध्ये.

म्हटलं, ८६ बाय ७३.७, सहा सिलिंडर.

त्यांनी फोनवर हिशेब केला. २५६८ सीसी. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "असला आडनिडा आकडा कशाला? अडीच लिटरच करायचं की."

भावा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर या आकड्यातच आहे, म्हणून जरा दमानं सांगतो.

निसानचं अडीच लिटरचं आरबी२५ इंजिन पण आहे. बोअर तोच, ८६. स्ट्रोक ७१.७. म्हणजे जीटी-आरच्या क्रँकचा स्ट्रोक त्यापेक्षा फक्त २ मिलिमीटर जास्त. कशासाठी? तर तेव्हाच्या ग्रुप ए रेसिंगच्या नियमासाठी. त्यात दुकानात विकतात त्याच गाड्या पळवायच्या. टर्बो असेल तर इंजिनाच्या सीसीला १.७ ने गुणायचं आणि जो आकडा येईल त्या वर्गात पळायचं. ४००० च्या आत बसायचं तर इंजिन साडेतेवीसशेच्या आसपास ठेवावं लागलं असतं. पण गाडीला फोर व्हील ड्राइव्ह दिलं, वजन वाढलं, मग वरच्या ४५०० च्या वर्गात जाणं भाग पडलं. तिथं जास्त रुंद टायर चालायचे. २५६८ गुणिले १.७ करून बघ, ४३६६ येतात. बरोब्बर वर्गाच्या आत. हे ऐकल्यावर पप्पा हसले आणि म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाइकासाठी नाही बनवली, पंचासाठी बनवली."

आता तेच डोक्यात ठेवून बाकीची गाडी बघ. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा. कागदावर २८०, कारण जपानी कंपन्यांनी आपापसात ठरवलंच होतं की २८० च्या वर कोणी बोलायचं नाही. २००४ पर्यंत पाळलं हे त्यांनी. पण रेसच्या गाडीत हाच ब्लॉक त्याच्या दुपटीच्या आसपास ताकद काढत होता, तेव्हा रस्त्यावरच्या गाडीत तो निवांत पडलेला असतो. सहा सिलिंडरला सहा वेगळे थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या झडपा. १९८९ मध्ये दुकानातून विकायच्या टर्बो गाडीला हा खर्च कोण करतं? बॉनेट आणि पुढची दोन्ही मडगार्डं अ‍ॅल्युमिनियमची, कारण नाकाकडचं वजन घटवायचं होतं. १९९० मध्ये निस्मोच्या, म्हणजे निसानच्या रेसिंग विभागाच्या, नावाने ५६० गाड्या काढल्या, त्यात मागचा वायपरसुद्धा काढून टाकला. वायपर, भावा! आपल्याकडं मागचा वायपर द्यायला टॉप मॉडेल घ्यायला लावतात.

आणि ज्यासाठी एवढं केलं ते झालंच. जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ मध्ये २९ शर्यती, २९ च्या २९ जीटी-आरने जिंकल्या. रेसर काझुयोशी होशिनोची कॅल्सोनिक कंपनीच्या जाहिरातीची निळी गाडी तू फोटोत बघितली असशील. ऑस्ट्रेलियात बाथर्स्टची शर्यत १९९१ आणि १९९२, लागोपाठ दोनदा. 'गॉडझिला' हे नाव तिथल्याच एका मासिकाने ठेवलं. तिच्यावर जादा वजन लादलं तरी ती जिंकत राहिली. १९९२ ला पावसात शर्यत मध्येच थांबवून तिला विजेती ठरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि तिचा चालक जिम रिचर्ड्सने व्यासपीठावरून त्यांना माइकवर शिवी हासडली. व्हिडिओ आहे, पोरं झोपल्यावर बघ.

हा सगळा इतिहास गाडी चालवताना कुठं जाणवतो, हे तुला सांगायचं राहिलं. डॅशबोर्डच्या मधोमध तीन छोटे मीटर आहेत. त्यातल्या एकावर लिहिलंय 'फ्रंट टॉर्क'. ही गाडी एरवी मागच्या चाकांवर चालते. मागची चाकं सुटायला लागली की आतला क्लच हायड्रॉलिकने आवळला जातो आणि ताकद पुढं जाते, जास्तीत जास्त निम्मी. तो काटा ते दाखवतो. कोरड्या रस्त्यावर सरळ जाताना काटा खाली पडून असतो. पावसात, वळणाच्या तोंडाशी, दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की मागचा भाग किंचित सरकतो, तुझ्या पाठीला कळतं, आणि तेवढ्यात काटा टुणकन वर येतो, पुढची चाकं गाडीला ओढून घेतात. पाठीला कळलेलं डोळ्याला दिसतं. नवीन गाड्या हे सगळं तिच्यापेक्षा चांगलं करतात, पण तुला पत्ताच लागू देत नाहीत. तुझी टेस्ला सिग्नलला पुढं जाईल, शंभर टक्के. ती काय करतेय हे मात्र ती तुला सांगणार नाही, आणि सांगितलं तरी तू त्यात हात घालू शकणार नाहीस. जीटी-आरमध्ये प्रत्येक विचित्र गोष्टीला कारण आहे आणि ते कारण बॉनेट उघडून बोट ठेवून दाखवता येतं. मला तरी यातच मजा येते. वहिनींना हे पटेल का, ते मला विचारू नको.

उजवीकडचं स्टिअरिंग. भावा, तू दहिवडीला शिकलायस, तुला काय अवघड? डाव्या हाताने गिअर, उजव्या हाताला इंडिकेटरची दांडी, सगळं मारुतीसारखं. मला गाडी आल्यावर दुसऱ्याच मिनिटाला सवय झाली. घोळ उलटा होतो. घरच्या टोयोटात परत बसलं की डावा हात गिअर शोधत दारावर आपटतो. अडचण म्हणशील तर दुपदरी रस्त्यावर ट्रकच्या मागे अडकलास की पुढचं काही दिसत नाही. बायको शेजारी असेल तर तिला विचारायचं, नसेल तर गुमान मागे राहायचं. ड्राइव्ह-थ्रूला गाडी लावून आत चालत जायचं.

रेडिओची गंमत सांगतो. जपानचा एफएम तेव्हा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, अमेरिकेचा ८८ ला सुरू होतो. त्यामुळं तिच्या मूळ रेडिओवर फक्त ८८ ते ९० मधलं लागतं, आणि इथं त्या पट्ट्यात कॉलेजांची आणि सार्वजनिक रेडिओची स्टेशनं. पस्तीस वर्षांपूर्वीच्या रेसच्या गाडीत बसून मी बातम्या आणि जॅझ ऐकतो.

दाराच्या चौकटीवर ऑइल बदलल्याचे जुने स्टिकर आहेत, जपानीत, तारखा हेसेई सालाच्या. हेसेई १४ म्हणजे २००२. कोणीतरी वेळच्या वेळी ऑइल बदलत होतं, हे त्यावरून दिसतं. ते स्टिकर मी काढलेले नाहीत. काढू पण देणार नाही.

जीटी-आर की साधी, यावर रात्री लिहितो. ड्युटीवर जायचंय.

गोदाकाठ

उद्यमनगरींनी इतकं छान लिहिलंय की माझी गाडी काढायला संकोच वाटतोय, पण काढतेच. माझ्याकडे होंडा बीट आहे, १९९१ची. मी मूळची नाशिकची, टेक्सासात राहते. ६५६ सीसी, तीन सिलिंडर, टर्बो नाही, ६४ हॉर्सपॉवर आणि ते मिळवायला ८१०० आरपीएमपर्यंत ओरडायला लावायचं. इंजिन सीटच्या मागे, छप्पर कापडी, वजन साधारण ७६० किलो. सीटवर झेब्र्याचे पट्टे. मला ते आवडतात, नवऱ्याला नाही.

माणदेशी, तुम्ही जीटी-आरच्या मागे लागला आहात, पण तुम्ही जे वर्णन केलंय, सिटी व्हीटेकवर जीव होता वगैरे, ते मला जास्त ओळखीचं वाटलं. ती गाडी काही फार वेगवान नव्हती. ती वर जाताना गात होती म्हणून आवडायची. बीट तेच करते, आणि वेगमर्यादेच्या आत राहून करते. जीटी-आरला तिच्या तब्येतीने पळवायचं तर ट्रॅक लागतो, नाहीतर पोलिसाची पावती. मी घरापासून किराणा दुकानापर्यंत तिसऱ्या गिअरच्या शेवटापर्यंत जाते आणि माझ्या बाजूने शाळेची बस निघून जाते.

एक मात्र सांभाळा. केई गाड्या, म्हणजे बीटसारख्या जपानच्या छोट्या वर्गातल्या गाड्या, आयात होणं वेगळं आणि तुमच्या राज्यात त्यांना नंबर मिळणं वेगळं. गाडीला पंचवीस वर्षं झाली की आयातीला केंद्र सरकार आडवं येत नाही, पण काही राज्यांची मोटार खाती येतात. टेक्सासातही २०२४ पर्यंत घोळ होता. पैसे भरायच्या आधी आपल्या राज्याच्या खात्यात विचारा, आणि जमलं तर उत्तर लेखी घ्या.

हॅमिल्टनकर

न्यूझीलंडहून. तुमचं सगळं वाचून मजा आली, पण जरा विरजण घालतो.

इथे स्टिअरिंग उजवीकडेच. १९८०च्या दशकाच्या शेवटी आयात मोकळी झाली आणि जपानच्या वापरलेल्या गाड्यांचा पूर आला. माझ्या पहिल्या नोकरीत पार्किंगमध्ये निम्म्या गाड्या जपानहून उतरलेल्या होत्या. आमच्याकडे स्कायलाइन म्हणजे शेजारचं एकोणीस वर्षांचं पोरगं, मोठा सायलेन्सर आणि रात्री दोन वाजता चौकात टायर जाळणं. त्यामुळे 'जपानहून आलेली' या शब्दांना इथे काही वलय नाही. तुम्हाला अमेरिकेत जे वाटतं, त्यातला मोठा भाग ती तुम्हाला पंचवीस वर्षं मिळत नव्हती याचा आहे. हे स्वतःशी कबूल करून मग पैसे मोजा.

माझ्याकडे सुबारूची लेगसी जीटी-बी होती, १९९७ची स्टेशन वॅगन. दोन लिटर, दोन टर्बो, एक खाली काम करतो आणि दुसरा वर. मध्ये एक खड्डा लागतो, जिथे पहिला दमलेला असतो आणि दुसरा अजून उठलेला नसतो. पोरांची सायकल, कुत्रा आणि तंबू मावायचा. त्यावेळी डब्ल्यूओएफची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची, तपासणी वर्षातून दोनदा, आणि दर वेळी काहीतरी निघायचं. शेवटी विकली, आठवण येते, पण परत घेणार नाही.

जीटी-आर मी चालवलीय, मित्राची. गाडी खरी आहे, उद्यमनगरी म्हणतात त्यात खोटं काही नाही. फक्त आजच्या किमतीला ती गाडी राहत नाही, कपाटातलं दागिन्यांचं ताट होते. पावसात काढायची भीती वाटणार असेल तर तो फ्रंट टॉर्कचा काटा हलणार कधी?

उद्यमनगरी

हॅमिल्टनकर, शेवटचा मुद्दा एकदम बरोबर. वलयाचं पण बरोबर आहे. फक्त एक सांगतो, १.७ चा गुणाकार तुमच्याकडं पण तेवढाच येतो.

डेक्कनवाला

पुण्यातून. भारतात आणता येईल का हो अशी गाडी? आपल्याकडे तर स्टिअरिंगचाही प्रश्न नाही.

उद्यमनगरी

नाही आणता येत, भावा. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि ड्युटी शंभर टक्क्यांच्या वर. जिथं बाजू बरोबर आहे तिथं दार बंद, आणि जिथं बाजू चुकीची तिथं दार उघडं. आपल्याकडं नंतरची आर३५ जीटी-आर मिळायची, ती निसानने स्वतः नवी विकायला आणली होती म्हणून.

माणदेशी

सगळ्यांचे आभार. गोदाकाठ ताई, सिटीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग ती छोटी घे ना, निदान पार्किंगला जागा तरी कमी लागेल." बीटमध्ये मी मावेन का? सहा फूट एक इंच आहे.

उद्यमनगरी, तुमचा बोअर-स्ट्रोकचा किस्सा तीनदा वाचला. व्हर्जिनियातल्या एका डीलरकडे दोन गाड्या आहेत, एक जीटी-आर आणि एक जीटीएस-टी, म्हणजे साधी स्कायलाइन. शनिवारी बघायला जातोय. काय बघायचं ते सांगा, कारण मला फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. आणि ड्युटी, कागद वगैरेचं काय?

गोदाकाठ

सहा फूट एक इंच? छप्पर उघडं ठेवून मावाल. टेक्सासात पाऊस कमी पडतो, जर्सीचं तुम्ही बघा.

उद्यमनगरी

आलो परत.

डीलरने आणलेली असेल तर आयातीची डोकेदुखी त्याची झालेली आहे. तरी कागद हातात घेऊन बघ. वाहतूक खात्याचा एचएस-७ फॉर्म आणि ईपीएचा, म्हणजे पर्यावरण खात्याचा, ३५२०-१, दोन्हीच्या प्रती आणि कस्टमची एंट्री. आर३२ सगळ्याच १९८९ ते १९९४ मधल्या, त्यामुळं पंचवीस वर्षांचा प्रश्न मिटलेला आहे. नंतरची आर३४ असती तर ती कुठल्या महिन्यात बनली यावर घोळ झाला असता. स्वतः आणणार असशील तर ड्युटीचं कस्टम ब्रोकरला विचार, मला नको. हल्ली नियम हलत असतात. आणि जर्सीत हिस्टॉरिक पाटी घेतलीस तर ती प्रदर्शनाला वगैरे न्यायची पाटी आहे, रोज ऑफिसला नेता येत नाही हे लक्षात ठेव. विमा काढताना गाडीची किंमत आधी ठरवून लिहून घे, नाहीतर ठोकली गेली तर हातावर १९९१च्या निसानचे पैसे टिकवतील.

आता दोघींतला फरक. जीटीएस-टीला दोन लिटरचं आरबी२०डीईटी, २१५ हॉर्सपॉवर, फक्त मागची चाकं. हलकी आहे, सरळ आहे, पार्ट्स थोडे स्वस्त, आणि पावसात काढायला भीती वाटत नाही. तुला हात काळे करायचे असतील, शिकायचं असेल, तर मी तीच घे म्हणेन. पण तुला त्या काट्याचं भूत लागलेलं दिसतंय, आणि तो काटा तिच्यात नाही. चांगली जीटी-आर ४० हजार डॉलरच्या खाली हल्ली शोधून सापडत नाही, सापडली तर आधी संशय घे.

फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, चेसिस नंबर ठोकलेला असतो. बीएनआर३२ ने सुरू झाला पाहिजे. एचसीआर३२ असेल तर ती जीटी-आरचे कपडे घातलेली जीटीएस-टी. असल्या लई फिरतात.

खिशात एक लोहचुंबक ने. बॉनेटला आणि पुढच्या मडगार्डांना चिकटायला नाही पाहिजे. चिकटलं तर कधीतरी पुढून ठोकलेली आहे आणि स्वस्तातला पत्रा बसवलाय. उलट मागच्या चाकांवरच्या कमानीला चिकटलंच पाहिजे. तिथं सुटलं तर आत गंज आणि वर पुटी. खाली वाकून दाराखालच्या पट्टीवर, जॅक लावतात त्या जागा बघ. चेपलेल्या असतील तर पाणी साठून आतून सडते. पुढच्या सस्पेन्शनचे टॉवर इंजिनच्या खोलीत दोन बाजूंना आहेत, त्यांच्या कडेला रंगाखाली फुगवटे आलेत का ते बोटाने चाचप. होक्काइडो, निगाता असल्या बर्फाच्या भागातली असेल तर जास्तच बघ.

लिलावाचा कागद माग. डीलर म्हणेल हरवला, तरी माग. त्यावर गाडीचं चित्र असतं आणि जिथं जिथं काही आहे तिथं खुणा. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्ती करून रंगवलेली जागा, एस म्हणजे गंज. वर ग्रेड. आर असेल तर अपघातात सांगाड्यापर्यंत दुरुस्ती झालेली. आर असली म्हणून लगेच पळू नको, काय बदललंय ते वाच आणि भाव पाड. जपानमध्ये नव्या गाडीची पहिली तीन वर्षं सरली की दर दोन वर्षांनी शाकेनची सक्तीची तपासणी, १३ वर्षांनंतर कर वाढतो, त्यामुळं सरळ माणसं सरळ गाड्या विकून मोकळी झाली आणि आपल्याला त्या मिळाल्या. त्याच बाजारात हौशी पोरांनी पिळून काढलेल्या पण आहेत. कागदावरून दोघांतला फरक कळतो.

चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले पाहिजेत, नाहीतर फोर व्हील ड्राइव्हचं डोकं फिरतं. टर्बो मूळचे असतील तर आतलं चाक सिरॅमिकचं असतं, बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवून मारलेलं असेल तर ते तुटतं. डीलरला बूस्ट किती ठेवलाय हे साधं विचार आणि उत्तर देताना त्याच्या तोंडाकडं बघ. सुरुवातीच्या इंजिनांना ऑइल पंपाची क्रँकवरची पकड आखूड असते, जोरात पळवणाऱ्यांचा पंप त्यानं फुटतो. ते काम करून घेतलंय का विचार, बिल असेल तर बघ. माझ्या गाडीचं ते काम करताना क्रँकचा फोटो पप्पांना पाठवला, त्यांनी परत फक्त माप विचारलं. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा पुरावा नसेल तर बदलायचाय असं धरून चाल. पार्ट्सची काळजी फार करू नको, निस्मोने २०१७ पासून जुन्या जीटी-आरचे बरेच पार्ट्स परत बनवायला घेतलेत. भाव ऐकून मात्र खाली बस.

चालवायला दिली तर आधी दहा मिनिटं हळू चालव, ऑइलच्या तापमानाचा मीटर मध्ये आहे, त्याचा काटा वर आल्याशिवाय पाय दाबू नको. डीलर शेजारी बसून "मारा की" म्हणेल. नाही मारायची.

आणि आजच त्याला फोन करून सांग की शनिवारी मी यायच्या आधी इंजिन सुरू करू नका. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर जेवून ये, इंजिन पूर्ण थंड होऊ दे आणि मग पहिला स्टार्टर तूच मार, सोबतीला नेलेला एक जण मागे सायलेन्सरजवळ उभा करून. निळा धूर आला तर मला तिथूनच फोन कर.